प्लीहेच्या अस्तरावरची साखर

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले आहेत. येथील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्याचा आघात अगदी बालवयातच ज्या अवयवावर होतो, तो म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, अर्थात पाणथरी.

प्लीहेतील रक्तपोकळ्यांची भिंत बांबूच्या टोपलीसारखी विणलेली असते: लांबट पेशी शेजारी-शेजारी उभ्या आणि त्यांना बाहेरून वेढणारे कड्यांसारखे तंतू. पेशींमधल्या फटी जेमतेम १ मायक्रोमीटर रुंद असतात. ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाच्या तांबड्या पेशीला अंग चोरूनच त्यातून पलीकडे जावे लागते.

या अस्तराच्या रक्ताकडील बाजूवर कर्बोदकांचा मऊ थर असतो. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. प्रथिनांना जोडलेल्या हेपरान सल्फेटच्या साखळ्या आणि शर्करासाखळ्यांच्या टोकांवरचे सियालिक आम्ल यांमुळे या थरावर ऋणभार असतो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरही सियालिक आम्लाचा ऋणभार असल्याने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना दूर लोटतात आणि निरोगी, लवचिक पेशी अस्तराला सहसा चिकटत नाही. बाहेरच्या कड्यांतही कर्बोदके विपुल असतात, म्हणूनच पीएएस या कर्बोदकांना रंग देणाऱ्या प्रक्रियेनंतर ती सूक्ष्मदर्शकाखाली किरमिजी दिसतात. इतक्या बारीक रचनेचे हे सौंदर्य थक्क करणारे आहे.

सिकलसेलमध्ये ऑक्सिजन सुटताच हिमोग्लोबिनचे धागे जुळतात, पेशी ताठ होते आणि फटींपाशी अडकते. असे वारंवार घडून प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो व ती आक्रसत जाते. भारतीय रुग्णांत मात्र हे धागे जुळू न देणाऱ्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहत असल्याने ती पुष्कळदा दीर्घकाळ वाढलेली आढळते. तरीही वाढलेली प्लीहा कार्यक्षम असेलच असे नाही.

येथे कर्बोदकांचा दुसरा संबंध येतो. न्यूमोकोकस या जिवाणूचे कवच बहुशर्करांचे असते आणि त्याविरुद्ध त्वरेने प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींचे मुख्य ठिकाण प्लीहाच आहे. ती निकामी झाल्यास साधा वाटणारा ताप काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे सिकलसेलच्या लहान मुलांना न्यूमोकोकसची लस आणि वैद्यकीय सल्ल्याने नियमित पेनिसिलिन देणे अत्यावश्यक आहे. पालकांनाही बाळाची पाणथरी हाताने चाचपायला शिकवले जाते. ती अचानक वाढून बाळ पांढरे पडले, तर रक्त प्लीहेतच साचत असण्याची शक्यता असते आणि त्याला तत्काळ रक्त देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.