कॉफीचा तांबेरा आणि एक सदरा

नमस्कार, श्रोतेहो. तांबेरा तुम्हाला नवा नाही. गव्हावरचा, सोयाबीनवरचा तुम्ही पाहिलेला आहे. आज कॉफीवरचा, तोही बुरशीचाच रोग. हा 1869 मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दिसला. त्याने तिथले मळे असे झोडपले की मालक कॉफी सोडून चहाकडे वळले. कॉफी म्हणजे कॉफी हं. आपल्याकडे लग्नात जायफळ घालून उकळतात ते नव्हे. असो.

पाऊस सरता सरता मी चिकमगळूरच्या एका मळ्यावर गेलो होतो. मालक सत्तरीचे. त्यांनी एक पान उलटं केलं आणि म्हणाले, "अंगठा फिरवा." फिरवला. अंगठा केशरी! अगदी हळदीकुंकवाच्या ताटात बुडवल्यासारखा. मी गडबडीत तो पांढऱ्या सदऱ्याला पुसला. म्हातारबुवा गंभीर. "आता शेजारच्या मळ्यात पाय ठेवू नका. तुमच्या सदऱ्यावर लाखो बीजाणू आहेत."

मग पायरीवर बसवून त्यांनी केंटसाहेबाची गोष्ट सांगितली. 1911 साली म्हैसूर संस्थानातल्या दोड्डनगुड्डा मळ्यात, रोगट झाडांत केंट नावाच्या मळेवाल्याला एक झाड हिरवंगार दिसलं. त्याने त्याचं बी धरलं. 'केंट' कॉफी गावोगाव लागली. सगळे खूश. आणि दहाएक वर्षांत त्याच केंटच्या पानांखाली पुन्हा केशरी पूड!

झाड तेच होतं, श्रोतेहो. पुन्हा सांगतो, झाड तेच होतं. बुरशीचं घराणं नवं होतं. गाण्यात घराणी असतात ना, तशी. दिसायला सगळी सारखीच, पण एकाला केंटची पानं पचत नाहीत, दुसऱ्याला पचतात. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात मेन या शास्त्रज्ञाने 1930च्या दशकात अशी घराणी वेगळी ओळखून दाखवली. आज पन्नासाहून जास्त माहीत आहेत. पुढे केंटचाच एस 288 या दुसऱ्या जातीशी संकर करून एस 795 ही नवी जात काढली. ती बरीच वर्षं टिकली, मग तिलाही पचवणारं घराणं निघालं. म्हणून मोरचूद-चुन्याची फवारणी अजून सुटलेली नाही.

शेजारच्या मळ्यावर त्या दिवशी आमचं जेवण ठरलं होतं. गेलो नाही. गाडीतच सदरा काढून पिशवीत बांधला आणि बनियनवर मुक्कामी परतलो. शेजारच्या मळ्यावरचा गरम कडुबू, म्हणजे तांदळाचा उकडलेला गोळा, राहिला तो राहिलाच.