टाकीच्या तळाशी काय साचलंय?

नमस्कार मंडळी! जनरेटर नेमका लाईट गेल्यावरच का दगा देतो, असं बरेच जण वैतागून विचारतात. आता चालू करतातच तो लाईट गेल्यावर, तर दगाही तेव्हाच देणार ना! पण गंमत सोडा. मेकॅनिक येतो, फिल्टर उघडतो, आतून काळपट बुळबुळीत गाळ निघतो, आणि लगेच पंपवाल्याच्या नावाने शिव्या सुरू, डिझेलच भेसळीचं होतं म्हणून. असेलही एखाद्या वेळी, पण आधी आपल्या टाकीच्या बुडाशी बघा की.

होतं काय, टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या जागेत हवा, हवेत ओल, रात्री पत्रा गार पडला की आतून घाम फुटतो आणि थेंब ओघळत खाली. लिटरभर डिझेल साधारण 820 ते 860 ग्रॅम भरतं, पाणी पुरतं किलोभर, म्हणजे पाणी तळाला बसणार आणि वरून टॉर्च मारून तुम्हाला ते दिसणार नाही. बरं, नुसतं बसत नाही. त्या पाण्यात बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात, आणि खातात काय तर डिझेल! अमॉर्फोथेका रेझिनी नावाची एक बुरशी तर यासाठीच बदनाम आहे, पाणी आणि डिझेल जिथे टेकतं तिथेच ती साय धरते. यांच्यामुळे आम्ल तयार होतं आणि पत्रा तळातून बारीक बारीक भोकांनी खाल्ला जातो. बाहेरून रंग चकाचक, खालून टाकी गेलेली. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर जास्तच सांभाळा, ते ओल पटकन धरतं.

म्हणून टाकी बसवतानाच ड्रेन कॉकच्या, म्हणजे तळाचं पाणी काढायच्या तोटीच्या, बाजूला किंचित उतार द्या. इंजिनाकडे जाणारा पाईप तळाला टेकलेला नको, थोडा वर हवा. मग अधूनमधून, टाकी काही तास हलवलेली नसताना, कॉक उघडून काचेच्या स्वच्छ बरणीत थोडं डिझेल घ्या आणि उजेडात धरा. स्वच्छ, चमकदार दिसलं तर ठीक. धुरकट असेल तर पाणी बारीक थेंबांनी मिसळलेलं आहे, खाली वेगळा थर दिसला तर सरळ पाणी आहे, आणि मधे काळे धागे तरंगत असतील तर बुरशी, मग नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी धुवायलाच लागते. छोट्या विमानांचे पायलट उड्डाणाआधी असंच तळाचं इंधन काढून बघतात, आणि आपण वर्षभर झाकणसुद्धा उघडत नाही! नव्या कॉमन रेल इंजिनात (एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जोरात डिझेल देणाऱ्या) डिझेलचा दाब 2000 बारच्या घरात, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दोन हजार पट जातो, तिथे पाण्याचा एक घोट डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची वाट लावतो.

टाकी जवळपास भरलेली ठेवा, फक्त गरमीत डिझेल फुगतं म्हणून थोडी जागा सोडा. जस्ताच्या मुलाम्याची टाकी किंवा तांब्याची नळी डिझेलला नको, त्या धातूंमुळे डिझेल लवकर बिघडतं.

पेट्रोलचं गणित वेगळं. त्यात इथेनॉल असेल आणि पाणी जास्त झालं तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरतं, वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोका न देता जळायची ताकद, पडतो, मग खालचं पाणी काढून टाकलं तरी ते पेट्रोल पूर्वीसारखं होत नाही. कॅनवर भरल्याची तारीख लिहा आणि जुनं आधी संपवा. कॅन भरताना गाडीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा, स्टॅटिकची, म्हणजे घर्षणाने साठलेल्या विजेची, ठिणगी पुरते.

आणि रिकामी टाकी गळते म्हणून थेट वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका हो! आत इंधन नसलं तरी वाफ असते, आणि स्फोट वाफेचाच होतो. टाकी धुवून, वाफ पूर्ण काढून, मगच जाणकार माणसाच्या हातात द्या. धुतलेला गाळ गटारात नाही, झाकणाच्या डब्यात भरून टाकाऊ तेल घेणाऱ्याकडे. चला, येतो मी, नमस्कार.