पोच आली का?

पत्रिकेवर विषय छापलाय 'संवाद : स्वरूप, प्रकार आणि प्रयोजन'. संयोजकांशी फोनवर बोलताना मी एवढंच म्हटलं होतं की मला 'पोच' या शब्दावर बोलायचंय. पत्रिकेवर तो फारच लहान दिसला असता. तर स्वरूपही येईल, प्रयोजनही येईल. आधी पोच.

पत्र पोचलं, पैसे पोचले, हा या शब्दाचा एक अर्थ. पोचल्याचं कळवणारा कागद, तीही पोच. आणि तिसरा अर्थ आपण रोज वापरतो: 'त्याला काही पोच नाही.' कुणासमोर काय बोलावं, कधी गप्प बसावं, हे ज्याला उमगत नाही त्याच्याबद्दल. तिन्ही गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधल्या आहेत, आणि मला वाटतं, संवादाचं सगळं शास्त्र त्या गाठीत आहे. बोलणारा बोलून मोकळा होतो. ऐकणाऱ्याकडून पोच येईपर्यंत तो संवाद अर्धाच असतो.

माझे वडील लालबागला गावमंडळाच्या खोलीत राहायचे. गिरणीत साचेखात्यात होते. आजी संगमेश्वर तालुक्यात, गावी. पगार झाला की मनीऑर्डर, एकही महिना चुकला नाही. मनीऑर्डरचा फॉर्म ज्यांनी स्वतः भरलाय त्यांनी हात वर करा बघू. बरेच आहात! मग तुम्हाला आठवत असेल, त्या फॉर्मचे तुकडे व्हायचे. एका तुकड्यावर संदेशाला चार ओळींची जागा, तो घेणाऱ्याकडे राहायचा. दुसऱ्यावर घेणाऱ्याची सही, तो पाठवणाऱ्याकडे परत यायचा. टपाल खातं 1880 सालापासून मनीऑर्डरी पोचवत आलं. माझ्या लहानपणी तरी नोटा मोजून हातात दिल्या म्हणून काम संपत नसे. पोच परत आणून दिली की संपायचं.

आजीला लिहिता येत नव्हतं. पोचेवर तिचा जांभळा अंगठा, आणि शेजारी साक्षीदार म्हणून शाळेतल्या गुरुजींची सही. वडील त्या पोचा खिडकीजवळ टांगलेल्या आकड्याच्या तारेत ओवून ठेवायचे. मी तेव्हा शिकायला त्यांच्याजवळ आलो होतो. रात्रपाळीहून आले आणि पोच आलेली असली, की चहाच्याही आधी ती उजेडात धरून बघत बसायचे. मी एकदा विचारलं, "पैसे मिळाले हे कळलं ना, मग एवढं काय बघता?" म्हणाले, "आयेला बघतोय."

1979च्या पावसाळ्यात आलेल्या पोचेवर अंगठ्याच्या मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. तेवढ्या जागी शाई उमटलीच नव्हती. मला वाटलं, कागद दुमडला असेल. वडील म्हणाले, "बोट कापलंय तिचं." त्याच रात्री पोस्टकार्ड टाकलं. गुरुजींचं उत्तर आलं: गवत कापताना विळा लागला, जखम चिघळली, देवरुखला दवाखान्यात नेऊन आणलंय, आता उतार आहे. मुंबईला कळवायचं नाही, असं आजीने गुरुजींना बजावलं होतं. तिने तोंड मिटून घेतलं होतं, पण अंगठा लावावाच लागला. मी पुढे या विषयावर जे काही वाचलं, ते त्या रेघेच्या पुढे फारसं गेलेलं नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. मिळाली, वाचली. दहा मिनिटं आहेत, तर आता भरभर.

स्वरूप. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली संदेशवहनाचा आराखडा मांडला: पाठवणारा, वाट, वाटेतला गोंगाट, घेणारा. संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगितलं, कारण त्याच्यापुढचा प्रश्न यंत्रांचा होता. त्याच्यापुरतं ते बरोबरच. पण माणसांचं बोलणं शिकवतानाही आपण फळ्यावर तोच एकेरी बाण काढतो, हे मला खटकतं. 27 मार्च 1977ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर, विमानतळाच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं होती. एकाच्या सहवैमानिकाने 'आता टेक-ऑफवर आहोत' असं कळवलं. नियंत्रण मनोऱ्यातून 'ओके' आलं. त्यापुढचं 'थांबा' मात्र दुसऱ्या विमानाच्या बोलण्याशी एकाच क्षणी आदळून शिट्टीत बुडालं. विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. 'टेक-ऑफ' हा शब्द आता मनोऱ्यातून परवानगी देताना किंवा काढून घेताना तेवढा वापरतात, आणि वैमानिकाला नुसतं 'ओके' म्हणून भागत नाही, मिळालेली सूचना उच्चारून दाखवावी लागते. पोच म्हणतात ती ही. मोबाइलवरच्या दोन निळ्या खुणा संदेश उघडल्याचं सांगतात, समजल्याचं नाही.

प्रकारांची यादी करत बसत नाही. शाहिरामागे 'जी जी' करणारे झीलकरी काढून घ्या, पोवाडा उभा राहणार नाही. गोष्ट सांगताना आम्ही 'हं' म्हटलं नाही की आजी थांबायची. फोनवर पलीकडचा चार क्षण गप्प बसला की आपण लगेच 'हॅलो, हॅलो' करतो.

प्रयोजन. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली लिहिलं की माणसं पुष्कळदा काही सांगायला बोलतच नाहीत, नातं राखायला बोलतात. 'काय, जेवलात का?' विचारणाऱ्याला तुमच्या ताटाशी काही देणंघेणं नसतं. वडिलांच्या मनीऑर्डरीवर त्या चार ओळींत दर महिन्याला एकच मजकूर असायचा: 'मी बरा आहे, तू काळजी घे.' नवं काही कळवायचं नव्हतंच.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तारेतली सर्वांत वरची पोच त्याच महिन्याची आहे. तार आज सोबत आणली आहे, इथून दाखवायला वेळ उरला नाही. खाली टेबलावर ठेवतो. गंजाने कागद एकमेकांना चिकटलेत, तेव्हा जरा हळू उलटा. तिरक्या रेघेची पोच मधे कुठेतरी आहे.