दव बदनाम, झाकण नामानिराळं

(मासेमारी बंदीच्या तोंडावर ट्रॉलरमालक आणि तांडेलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय आहे बिघडलेलं डिझेल साफ करणं आणि टाकी धड ठेवणं. साफ कसं करायचं ते सांगणारच आहे, पण त्याआधी मला एक जुना वाद मिटवू द्या: टाकीत पाणी येतं कुठून? डिझेलवरच्या कराच्या परताव्याबद्दल मात्र कुणी विचारू नका. तो विषय निघाला तर बंदी उठली तरी आपण याच हॉलमध्ये बसलेले असू.

बंदी संपली की ऑगस्टात बोट पाण्यात उतरते. पहिल्याच फेरीला इंजिन धापा टाकायला लागतं. फिल्टरची वाटी सोडली तर तिच्यात पाणी, आणि टाकीखालचा कॉक उघडला तर दहा-बारा लिटर पाणी. मग निदानं ठरलेली असतात: पंपवाल्याने फसवलं, टँकरात पाणी होतं, नाहीतर 'टाकीत दव धरलं'. पहिल्या दोघांची वकिली करायला मी आलेलो नाही. दवाची मात्र करणार आहे.

हिशेब करू. टाकी हजार लिटरची, अर्धी रिकामी. म्हणजे आत ५०० लिटर हवा. ३० अंशाला हवा ओलीचिंब असली तरी एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे आपल्या टाकीत १५ ग्रॅम. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर दिवस-रात्रीचा फरक पाचेक अंशांचा. तेवढ्या गारव्याने त्यातली जेमतेम चार ग्रॅम वाफ पाणी होऊन भिंतीवर धरते. रोज टाकीतली सगळी हवा बदलते असं धरलं, जे होत नाही, तरी जून-जुलैच्या दोन महिन्यांत पाव लिटर पाणी जमणार. दहा लिटर काढलेत ना? उरलेलं पावणेदहा कुठून आलं?

झाकणातून. डेकवरच्या फिलरभोवती, म्हणजे डिझेल भरायच्या तोंडाभोवती, दहा सेंटिमीटर व्यासाची खोलगट वाटी असते, तिचं क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटिमीटर. आपल्या किनाऱ्यावर या दोन महिन्यांत दीड हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. तेवढा पाऊस नुसत्या त्या वाटीत झेलला तरी जवळपास बारा लिटर होतो. ताडपत्रीची पन्हळ नेमकी फिलरवर ओतत असेल तर विचारूच नका. झाकणातली रबरी रिंग कडक होऊन तडकलेली असते. ती काही रुपयांत मिळते, पण आपण तिथे सुतळी आणि प्लास्टिकची पिशवी बांधतो. शिवाय रात्री टाकी गार झाली की आतली हवा आकसते आणि झाकणावर साचलेलं पाणी आत ओढून घेते.

डेकवर उभ्या ठेवलेल्या पिंपाचंही तेच होतं. कड्यात पाणी साचतं आणि बूच घट्ट असलं तरी आट्यांतून आत झिरपतं. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. म्हणजे दोन्ही बुचांवर आतून डिझेल राहतं आणि बाहेर पाणी साचत नाही. मग पाहा टाकीची हवेची नळी: तिचं तोंड खाली वाकलेलं हवं आणि डेक धुताना होज पोचणार नाही इतक्या उंचीवर हवं. फिलरखालच्या रबरी पाइपाचा क्लॅम्प गंजलाय का तेही पाहा. बोट धुताना जाणारं पाणी खारं असतं. गोड पाण्यानेही गंज चढतो, पण खाऱ्याने तो जास्त वेगाने चढतो आणि नोझलची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीची, सुई खड्डे पडून वाया जाते.

'टाकी तुडुंब भरून ठेवावी' हा सल्ला खोटा नाही. लोखंडी टाकीची उघडी भिंत गंजते, ती झाकली जाते. पण तुटक्या रिंगखाली भरलेली टाकी म्हणजे जास्त डिझेल पणाला लावणं. आधी रिंग, मग भरणं. आणि टाकीला, पाइपाला जस्ताचा पत्रा, तांबं, पितळ नको. तांब्यामुळे डिझेल लवकर जुनं होतं, जस्ताचा साबणासारखा चिकट क्षार होऊन तो नोझलवर बसतो.

पाण्यामुळे पुढे काय होतं? डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. खायला वर डिझेल, राहायला खाली पाणी, आणि आपलं हवामान त्यांना मानवणारं. तळाचा लिटरभर नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी उजेडात धरली की खाली गढूळ पाणी, वर डिझेल आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत साय. बाटली तिरकी केली की साय तुटत नाही, दुमडते. हीच साय फिल्टरवर चढते. हे जिवाणू आम्ल सोडतात आणि टाकीच्या तळाला खड्डे पाडतात. सडक्या अंड्याचा वास आला तर त्या टाकीत तोंड घालू नका, तो वायू जीव घेतो.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत सांगतो.

आधी मोजा. पट्टीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून ती तळाला अर्धा मिनिट धरा. रंग बदलला तिथवर पाणी. डिझेलमध्ये मिसळून दूध झालेलं पाणी पेस्ट दाखवत नाही, त्यासाठी बाटलीच बघायची. नुसतं थांबूनही काम होतं, पण किती थांबायचं ते थेंबावर. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब तासाला मीटरभर खाली बसतो, १० मायक्रॉनचा फक्त सेंटिमीटरभर. म्हणून टाकी दोन दिवस न हलवता मग कॉक सोडा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत.

साय असेल तर पाणी काढल्यानंतर बुरशीनाशक टाका. मात्रा लेबलवरची, अंदाजाने नाही, आणि हातात मोजे. पाणी तसंच ठेवून औषध टाकलं तर ते पाण्यात जातं आणि कमी पडतं. मेलेली बुरशी विरघळत नाही, फिल्टरवरच येते. पाणी 'जिरवणारं' औषध घेऊ नका. त्याने पाण्याचे थेंब इतके बारीक होतात की सेपरेटर, म्हणजे डिझेलमधून पाणी वेगळं करणारा फिल्टर, त्यांना ओळखत नाही.

मग फिरवणं, म्हणजे पंपाने डिझेल फिल्टरमधून काढून परत त्याच टाकीत सोडणं. सक्शन सर्वांत खोल कोपऱ्यातून. आधी ३० मायक्रॉनचा सेपरेटर, मग पंप, मग १० आणि शेवटी २ मायक्रॉन. सेपरेटर पंपाच्या आधी, कारण पंप पाण्याच्या थेंबांचा चुरा करतो. परतीचा पाइप समोरच्या कोपऱ्यात, डिझेलच्या खाली बुडवून, तळाला झोत लागेल असा. वरून धार सोडली तर स्थिर वीज तयार होते. मिनिटाला २० लिटरचा पंप हजार लिटर ५० मिनिटांत फिरवतो. पण एकदा फिरवून थांबू नका. साफ डिझेल परत मळक्यातच मिसळतं, म्हणून एका फेरीत तरंगणाऱ्या घाणीपैकी साधारण ६३ टक्के निघते, तीन फेऱ्यांत ९५, पाचात ९९. तळाला चिकटलेला गाळ यात धरलेला नाही. तो बोटभर जाड असेल तर टाकी रिकामी करून मॅनहोल उघडून पुसावीच लागते. हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही. आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, मानकानुसार किमान ३५ अंश, आणि इंजिनरूम त्याहून तापते, तेव्हा ठिणगी उडवणारी साधी मोटर, वेल्डिंग, विडी सगळं लांब.

रॉकेल मिसळलेलं किंवा काळं पडून डिंक धरलेलं डिझेल फिल्टरने सुधारत नाही. ते इंजिनात घालू नका. काढलेला गाळ-पाणी खाडीत नाही, पिंपात भरून अधिकृत टाकाऊ तेलवाल्याकडे.

शेवटचं. पहिल्या आठवड्यात लाटांनी टाकी हलते आणि उरलेला गाळ सुटतो. सेपरेटरची वाटी रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी सोडा, आणि प्रत्येक फिल्टरची दोन जादा एलिमेंटं बोटीवर ठेवा. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी विचारा.