डबल का निघेना?

नमस्कार श्रोतेहो. मी ढोरांची डॉक्टर. आमच्या कराड भागात जनावरांच्या डॉक्टरला ढोर डॉक्टरच म्हणतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही नाही. माझी नोकरी म्हशींच्या गोठ्यांत गेली. कुत्री माझ्याकडे आली ती म्हशीवाल्यांच्या मागोमाग. आज मात्र कुत्र्यांविषयीच बोलायचंय, आणि तेही म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी.

थंडी पडली की एक तक्रार ठरलेली. "डॉक्टर, कालपर्यंत पट्टा हातात घेतला की नाचायचा, आज दाराबाहेर पाऊल टाकत नाही." लगेच पाठोपाठ निदानही तयार असतं. आळशी झालाय. लाडावलाय. हट्ट करतोय. अहो, म्हातारपणी कुत्रा मंद होतो, पण तो महिन्यामहिन्यानं होतो, एका रात्रीत नाही. अचानक फिरायला जायचं थांबला, तर काहीतरी दुखतंय किंवा कशाची तरी भीती बसलीय, असंच आधी धरून चाला. आणि म्हातारा कुणाला म्हणायचं? लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशी मोठ्या अंगाची कुत्री सात-आठ वर्षांत उताराला लागतात. घरोघरचे ते पांढरे पामेरियन दहाच्या पुढे.

आता एक वाक्य सांगते, ते मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कुत्रा अडला की ओढू नका, कुठे अडला ते बघा. जागेवरून उठतानाच अडला? दारात अडला? कोपऱ्यावर अडला? की अर्ध्या वाटेत बसला? कुठे अडला ते बघा.

हे मला ज्यांच्यामुळे इतकं ठसवून सांगता येतं, त्या गृहस्थांची गोष्ट ऐका. एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. आमच्या भागात गेलेलं आयुष्य, त्यामुळे पाटण, उंडाळे, मसूर, कुठल्याही थांब्यावर माणसं त्यांना अजून रामराम घालतात. त्यांच्या कुत्र्याचं नाव डबल. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल, हे लाल गाडीतून फिरलेल्या कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात डेपोत उभ्या गाडीखाली हे पिल्लू सापडलं, आणि गाडीनं डबल मारली तरी ते खालून हलेना, म्हणून डबल. गावठी कुत्रा, तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. पहाटे पाचला दोघं निघायचे ते कृष्णेच्या घाटावरून प्रीतिसंगमापर्यंत. यशवंतरावांच्या समाधीपाशी कंडक्टर हात जोडायचे, डबल बाजूला बसायचा, आणि परत. वर्षानुवर्षं हेच. डबल अकरा वर्षांचा झाला तरी हेच.

(जाता जाता एक. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे हे गृहस्थ कुणालाही दहा मिनिटांत सांगतातच. मलाही लाल गाडीच आवडते. आताच्या बंद काचांच्या गाड्यांत माणसाला गावाचा वाससुद्धा येत नाही. असो.)

तर एका डिसेंबरात कंडक्टर दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरबाई, गाडी डेपोतनं सुटंना झालीया. ब्रेकडाउन न्हाई, काय न्हाई. निस्ती हुबी." डबल खाली बसलेला, शेपूट हलवतोय. मागोमाग काकू. त्यांचं मत, नजर लागली. मीठ-मिरच्या उतरून झाल्या होत्या. शेजाऱ्यांचं मत, घाटावरच्या पिंपळाखाली काहीतरी दिसलं असणार. धाकट्या चिरंजीवांचं लग्न तोंडावर आलेलं, त्यांचं मत, घरात गडबड आहे म्हणून रुसलाय.

मी तपासलं. ताप नाही. हिरड्या गुलाबी. अंगावर गोचीड नाही. मागचा उजवा पाय खुब्यातून मागे घेतला की मान वळवून माझ्या हाताकडे बघायचा. चावायला नाही, नुसता बघायचा. त्या मांडीचं मांसही डावीपेक्षा उतरलेलं. म्हणजे संधिवात, या वयाला शोभेल एवढा. रक्त तपासलं, मूत्रपिंड ठीक. कुत्र्यासाठीचं वेदनाशामक वजनाच्या हिशोबानं सुरू केलं. आठवड्यानं कंडक्टर परत आले. पाय सुधारला होता, जिना चढायला लागला होता. पण पहाटे गाडी काही सुटत नव्हती.

मग त्यांनी खिशातून वही काढली. माणसानं जन्मभर वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेऱ्यांचा तक्ता, भरलेला, त्यामुळे कुत्र्याचाही भरला होता. "पहाटे ५.१०, सुटली नाही. संध्याकाळी ६, वेळेवर. प्रवासी एक." पुढच्या ओळीत पुन्हा तेच, पहाटे नाही, संध्याकाळी वेळेवर. पानंच्या पानं. मी म्हटलं, थांबा. पिंपळ संध्याकाळीही तिथेच असतो. घाट तोच, कुत्रा तोच, पाय तोच. मग पहाटेच का? सांधे पहाटे आखडतात हे खरं, पण हा तर उठून दारापर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. दवाखान्यात कुत्रा चालतो कसा ते दिसतं. घरातून निघतो कसा ते घरीच बघावं लागतं. मी म्हटलं, उद्या पहाटे येते.

गेले. नदीवरून धुकं वर आलेलं, काकूंनी चहा दिला. जुनं घर, पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं. मी सोप्यात खुर्चीवर बसले. कंडक्टरांनी पट्टा वाजवला, "डबल!" कुत्रा माजघरातल्या पोत्यावरून उठला, अंग ताणलं, शेपूट हलवत उंबऱ्यापर्यंत आला. पुढचा पंजा उचलला. सोप्यात ठेवला. आणि मागे घेतला. मग त्यानं नाक चाटलं, भली मोठी जांभई दिली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. श्रोतेहो, ही जांभई झोपेची नव्हे. कुत्रा अवघडला, घाबरला की अशी जांभई देतो, नाक चाटतो, नजर चुकवतो. कंडक्टरांनी पट्टा जरासा ओढला. डबल दोन पावलं आला. टक टक टक, नखं वाजली, आणि त्याचे मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. तो जिथल्या तिथे बसला.

मी खाली बघितलं. सोप्यात पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या टाइल्स! लग्नासाठी जुनी शहाबादी फरशी उखडून नव्या बसवल्या होत्या. मी वही मागितली. ज्या दिवशी पहिल्यांदा "सुटली नाही" लिहिलंय, त्याच्या वरच्याच ओळीत कंडक्टरांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: "फरशीवाले काम पुरे करून गेले." संध्याकाळी डबल परड्यात असायचा. तिथून बाजूच्या बोळातून थेट रस्त्यावर. शेणामातीची जमीन, पाय घट्ट. म्हणून संध्याकाळची गाडी वेळेवर.

मी त्याला माजघरातून उलटा परड्यात नेला आणि बोळातून बाहेर काढला. तो आमच्या पुढे. घाटाच्या वळणावर थांबून मागे बघायला लागला, ही दोन माणसं एवढी हळू का येतायत म्हणून. फिरायला तो कधीच नाही म्हणत नव्हता. तो त्या सोप्याला नाही म्हणत होता.

त्याची नखं कापली. म्हातारा कुत्रा कमी चालतो, मग नखं झिजत नाहीत. लांब नखं जमिनीला आधी टेकतात आणि पंजाची गादी धड बसत नाही, मग पाय सरकणारच. आणि कंडक्टर गेले एका बस बांधणाऱ्या गॅरेजात, आणि गाडीच्या मधल्या वाटेत असतं तसलं खरबरीत काळं रबर घेऊन आले. माजघराच्या उंबऱ्यापासून रस्त्याच्या दारापर्यंत पट्टी. काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "नवी सून माप वलांडून ह्या टायरवर पाय ठिवणार व्हय?" लग्नापुरतं काढायचं असं ठरलं. काढलंही. आणि वरमाईच्या थोरल्या मावशी त्या टाइलवरून अशा घसरल्या की चौघांनी धरून बसवलं. हाड वाचलं, पण संध्याकाळपर्यंत रबर परत आलं, आणि या खेपेला सगळ्या सोप्यात आलं. नव्या सुनेनं माप ओलांडलं ते रबरावरच. डबल आधीच दाराशी जाऊन बसला होता.

मी तर म्हणते, या चकचकीत टाइल्सची आपल्याला काय हौस आहे कळत नाही. घरात म्हातारी माणसं, रांगती पोरं, कुत्री, आणि खाली आरसा. शहाबादीवर कुणी घसरल्याचं मला आठवत नाही. पण माझं कोण ऐकतं!

आता वेळ थोडा उरलाय, तर भराभर ऐका. कुठे अडला ते बघा. जागेवरून उठतच नसेल, खात नसेल, तर हिरड्या बघा. ओठ वर करून बघायच्या. पांढुरक्या दिसल्या की गोचीडताप मनात आणायचा. आपल्याकडे तो फार आहे. त्यात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्तही येतं. रक्ततपासणी त्याच दिवशी.

कोपऱ्यावर किंवा एका ठरावीक जागीच अडत असेल, तर तिथे काय घडलं ते आठवा. भांडण झालं, फटाका फुटला, डीजेची भिंत लागली. आणि मोठ्या वयात नव्यानंच आवाजाला भ्यायला लागला असेल, तर दुखणंही शोधा. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलच्या संशोधकांनी २०१८ साली हेच मांडलं. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की सांधा दुखतो, आणि कुत्रा ती जागाच टाळतो. मिरवणुकीतल्या त्या भिंतींबद्दल मी बोलायला लागले तर निवेदक माझा माइक बंद करतील, म्हणून पुढे जाते.

दिवसा जातो आणि तिन्हीसांजेला अडतो? डोळे दाखवा. डोळ्याच्या भिंगावरची निळसर झाक ही म्हातारपणाची असते, तिनं फारसं बिघडत नाही. पांढरा मोतीबिंदू वेगळा. फरक डॉक्टरच सांगू शकतो. उन्हाळ्यात दुपारी अडतो? मग तो शहाणा आहे. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघा. सात सेकंद टिकत नसेल, तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही.

अर्ध्या वाटेत बसून धापा टाकत असेल, रात्री खोकत असेल, तर हृदय. लहान जातींत झडप गळायला लागते. घरी करायची गोष्ट एकच, तो गाढ झोपला की मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. तीसच्या वर सतत जात असेल, तर दवाखान्यात या.

आणि वजन. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लॅब्रॅडॉरवाल्यांना सांगते, तुमचा कुत्रा सारखा मागतो तो दरवेळी भुकेनं नव्हे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरच्या एका जनुकात तुटकी जागा असते, त्यानं खादाडपणा वाढतो. त्याला बिस्किट नको, आणि चहात बुडवलेलं तर नकोच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दोनदा सांगते. माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. आपल्या घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला द्यायची नाही. जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते. डायक्लोफेनॅकचं तर आपल्याला माहीतच आहे. ते टोचलेली गुरं मेली, त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं, मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं आभाळातून नाहीशी झाली. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मी लहान असताना मेलेल्या बैलाभोवती गिधाडांचं कडं बसायचं. आजच्या पोरांना ते चित्रातच दाखवावं लागतं.

सांधेदुखी ठरली, तर फिरणं बंद करायचं नाही, तोडायचं. एका दमात मैलभर नेण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडं थोडं. रोज सारखं. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडी, असं केलंत तर सोमवारी तो उठणारच नाही. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या. झोपायला जाड गोधडी. आणि कुत्रा स्कूटरला बांधून पळवणाऱ्यांना मी काय म्हणते ते रेडिओवर सांगता येणार नाही.

मागचे पाय एकाएकी लुळे पडले, पोट फुगून ताठ झालं, कोसळला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, यांतलं काहीही दिसलं तर वही-बिही लिहीत बसायचं नाही. रिक्षात घालायचं आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

पुढच्या कार्यक्रमात म्हशीच्या कासदाहाविषयी. नमस्कार.