स्ट्रॉबेरी, कस्टर्ड आणि दोन चमचे लिक्युअर

(पातेल्यात तापणारं दूध, जवळून)

आज स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम, सुरुवात कस्टर्डपासून. पातेलं जाड बुडाचं, आच मंद. आत 250 मिलिलिटर सायीचं दूध आणि तेवढंच 35 टक्के स्निग्धांशाचं क्रीम. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचं, उकळी येऊ द्यायची नाही.

तोवर पाच अंड्यांचे बलक आणि 100 ग्रॅम साखर फेटून घ्यायची. साखर बलकावर पडली की लगेच फेटायला लागा. नुसती राहिली तर ती बलकातलं पाणी ओढते आणि कडक कण धरतात. आता त्यात गरम दुधाची एकच पळी, हात न थांबवता. मग थोडं थोडं उरलेलं, आणि सगळं परत पातेल्यात.

(उलथन्यावर चढलेला कस्टर्डचा थर)

इथून पुढे पातेल्यापासून हलायचं नाही. 75 अंश सेल्सिअसला मिश्रण अजून पातळच असतं, 80 च्या आसपास उलथन्यावर थर धरू लागतं. 82 ला उतरवा. 85 च्या पुढे गेलं की बलकातली प्रथिनं आवळतात आणि गुठळ्या होतात. थर्मामीटर नसेल तर उलथन्याच्या पाठीवर बोट ओढून बघा. रेघ मिटली नाही, म्हणजे झालं. तापलेला तळ आच बंद केल्यावरही मिश्रण शिजवत राहतो, म्हणून ते लगेच दुसऱ्या भांड्यात गाळून ते भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. थोडे कण झालेच, तर गार करून मिक्सरमधून फिरवा आणि पुन्हा गाळा. पोत सुधारतो, अंड्याचा उग्र वास मात्र राहतो.

स्ट्रॉबेरीत जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. कच्चा गर घातला की तेच पाणी गोठून दाताखाली कचकचतं. म्हणून 400 ग्रॅम फळं 40 ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर आटवून 250 ग्रॅमवर आणायची. गर पूर्ण गार झाल्यावरच गार कस्टर्डमध्ये मिसळा. गरमागरम मिसळला तर फळाच्या आंबटपणानं दूध फाटू शकतं. किवी किंवा अननस घेणार असाल, तर आधी शिजवणं अगदी आवश्यक आहे. कच्च्या फळातलं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते.

मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कोमट मिश्रण आइस्क्रीमच्या यंत्रात ओतलं तर त्याच्या गोठवलेल्या भांड्याचा गारठा तिथेच संपतो.

(लिक्युअर मोजून ओतताना)

आता संत्र्याचं लिक्युअर, म्हणजे गोड, सुगंधी मद्य, 40 टक्के अल्कोहोलचं. एवढ्या मिश्रणाला 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. घरचा फ्रीजर उणे 18 अंशांवर चालतो आणि अल्कोहोल त्या थंडीत गोठत नाही. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, म्हणून आइस्क्रीम दगडासारखं न होता चमचा सहज जाईल इतकं मऊ राहतं. चवीइतकंच हे कामही महत्त्वाचं आहे. पण लिक्युअरमध्ये साखरही असते आणि तिचाही परिणाम तोच. 45 मिलिलिटरच्या वर गेलात की आइस्क्रीम न धरण्याचा धोका पत्करलात असं समजा. आणि गरम कस्टर्डमध्ये घालू नका, सुगंध वाफेबरोबर उडून जातो.

यंत्राचं भांडं 24 तास आधी फ्रीजरमध्ये ठेवलेलं हवं. घुसळायला साधारण 20 ते 25 मिनिटं लागतात. लिक्युअर शेवटच्या दोन मिनिटांत घाला. आधीच घातलं तर मिश्रण घट्ट व्हायला उशीर लागतो.

मऊसर झालेलं आइस्क्रीम उथळ डब्यात भरून, पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर दाबून, किमान चार तास फ्रीजरमध्ये.

लिक्युअर जास्त पडून आइस्क्रीम धरलंच नाही, तर आणखी दोन दिवस ठेवूनही फरक पडणार नाही. ते फ्रिजमध्येच वितळू द्या, लिक्युअरशिवायचं आणखी थोडं गार कस्टर्ड मिसळा आणि पुन्हा घुसळा.