जांभळ्या माळरानावर एक दिवस: नॉर्थ यॉर्क मूर्सचा रस्ता आणि मेंढ्यांचं गणित

नमस्कार मंडळी. जुलै संपत आला की आपल्या कमेंटमध्ये एकच प्रश्न सुरू होतो: "लीड्सहून किंवा यॉर्कहून सकाळी निघून जांभळं माळरान बघायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं, तर कुठून जायचं?" कुणाचे आईवडील भारतातून आलेले असतात, कुणी नवी बाइक घेतलेली असते. तर आज तोच रस्ता सांगते. इंग्लंडमधलं नॉर्थ यॉर्क मूर्स, पिकरिंग गावाहून निघून पिकरिंगलाच परत, साधारण 65 मैल, म्हणजे शंभरेक किलोमीटर. अंतर कमी वाटतंय ना? थांबत थांबत गेलात तर अख्खा दिवस जातो.

आधी प्राथमिक गोष्टी पटकन. मूर म्हणजे उंचावरचं उघडं माळरान. आपल्याकडचा सडा डोळ्यांसमोर आणा. जांभ्याच्या जागी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, आंबट माती, आणि तेरडा आणि सीतेच्या आसवांच्या जागी हेदर नावाचं गुडघाभर उंचीचं झुडूप. हेदर फुलतं ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात जाऊन "जांभळं काहीच नव्हतं" असं लिहू नका, तेव्हा ते तपकिरीच असतं. गाडी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच. भारतीय लायसन्सवर पाहुण्यांना 12 महिन्यांपर्यंत कार चालवता येते, आणि त्यात दुचाकीची नोंद असेल तर बाइकही. इथे राहायला आलेल्यांनाही पहिले 12 महिने तेच, त्यानंतर इथली परीक्षा देऊन इथलं लायसन्स. भाड्याची गाडी असेल तर त्या कंपनीच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. पेट्रोल पिकरिंगला भरून घ्या, पंपावर आपलं आपणच भरायचं, हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. पुढे समुद्रकाठच्या व्हिटबी गावात मिळतं, मधल्या माळावर नाही. दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करा. झालं.

(स्क्रीनवर नकाशा)

पिकरिंगहून ए-169 धरा, उत्तरेला. शेतं मागे पडतात, रस्ता चढतो आणि सॉल्टरगेटचं पार्किंग उजव्या हाताला येतं. इथे थांबायचंच. होल ऑफ हॉर्कम रस्त्याच्या पलीकडे, डाव्या बाजूला आहे: एक प्रचंड वाटी, जवळजवळ सव्वाशे मीटर खोल. दंतकथा अशी की वेड नावाच्या राक्षसाने बायकोवर भिरकवायला मूठभर माती उचलली, त्याचा हा खड्डा. खरं कारण पाण्याचं आहे. वरचा दगड पाणी मुरू देतो, खालचा थर देत नाही, त्यामुळे उतारावर झरे फुटतात आणि ते झरे हजारो वर्षं वरची कड पायातून पोखरत राहतात. एक सूचना: पार्किंग आणि खड्डा यांच्या मध्ये ए-169च आहे आणि तिथे गाड्या भरधाव येतात. पोरांचा हात धरून ओलांडा.

पार्किंगपासून पुढे लगेच तीव्र वळण आहे, उतारावर. बाइकवाल्यांनी वळणाच्या आत ब्रेक लावायचा नाही, आधीच वेग उतरवून घ्यायचा. मग उजवीकडे क्षितिजावर एक कापलेला पिरॅमिड दिसतो. दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून सांगते: ते फायलिंगडेल्सचं रडार, क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणारं. पूर्वी तिथे तीन पांढरे गोळे होते, 1992 मध्ये त्यांच्या जागी हे आलं. त्याला तीन तोंडं आहेत, प्रत्येक तोंड 120 अंश बघतं, म्हणून फिरणारी तबकडी लागत नाही.

थोडं पुढे डावीकडे गोथलंडचा फाटा. आणि इथून आजचा खरा विषय सुरू होतो.

मेंढ्या. इथे बऱ्याच ठिकाणी माळाला कुंपण नाही. कॅटल ग्रिड ओलांडलं की तुम्ही मेंढ्यांच्या घरात शिरलात असं समजा. कॅटल ग्रिड म्हणजे रस्त्यात आडवा खड्डा आणि त्यावर लोखंडी गज. मेंढीचा खूर गजांवर टिकत नाही म्हणून ती ओलांडत नाही, गाडी खडखडत जाते. बाइकवर हे गज ओले असले की साबणासारखे. तिथे हँडल सरळ, बाइक उभी, थ्रॉटल एकसारखा, ब्रेक अजिबात नाही. ब्रेक मारायचा असेल तर ग्रिडच्या आधी डांबरावर.

आता नीट ऐका. मेंढी दिसली की सगळे तिच्याकडे बघतात. बघायचं असतं दुसऱ्या बाजूला. आई डाव्या कडेला चरत असेल तर कोकरू बहुतेक वेळा उजवीकडे कुठेतरी हेदरमध्ये असतं आणि दिसत नाही. तुमची गाडी आली की कोकरू घाबरतं, आणि घाबरलेलं कोकरू एकाच दिशेला पळतं: आईकडे. म्हणजे तुमच्या पुढच्या चाकासमोरून. कोकरं एप्रिल-मेमध्ये होतात. ऑगस्टपर्यंत ती चांगली मोठी झालेली असतात, पण सवय तीच. त्यामुळे एक मेंढी दिसली की पाय ऍक्सिलरेटरवरून काढायचा आणि दुसऱ्या बाजूला तिचं कोकरू शोधायचं. एक कोकरू पार झालं तर लगेच वेग वाढवायचा नाही, जुळी असतात.

आणि हॉर्न. मंडळी, हॉर्न वाजवू नका. आपला हात भारतातल्या सवयीने हॉर्नवर जातो, मला कळतं. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "मी आलोय, बाजूला व्हा". म्हशीला, बैलगाडीवाल्याला तो अर्थ माहीत आहे. माळावरच्या मेंढीला तो नुसता धमाका वाटतो, आणि धमाका झाला की ती कळपाकडे पळते, मग कळप रस्त्याच्या कुठल्याही बाजूला असो. इथल्या हायवे कोडमध्ये हे स्पष्ट आहे: जनावरांजवळ हॉर्न नको, इंजिन रेज करणं नको, पार झाल्यावर एकदम वेग घेणंही नको. कमेंटमध्ये एकाने लिहिलं होतं की हळू हॉर्न दिला तर चालतं का. नाही. थांबा, इंजिन चालू राहू द्या, हेडलाइट डिपरवर, आणि वाट बघा. मिनिटभरात जातात.

गोथलंडमध्ये तर मेंढ्या गावातल्या हिरवळीवरच असतात, पार्क केलेल्या गाडीच्या सावलीला बसतात. निघताना गाडीभोवती एक फेरी मारा. इथून खाली मॅलियन स्पाउट हा सुमारे 21 मीटरचा धबधबा आहे. वाट निसरडी आणि खडकाळ, चपलेवर जाऊ नका. वाफेच्या इंजिनाची गाडीही याच गावातून जाते, पिकरिंग ते ग्रोझमाँट, 18 मैल. ज्येष्ठांना त्या गाडीत बसवायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा.

परत ए-169. आता ब्लू बँक. बँक म्हणजे इथे तीव्र चढ-उतार. माळावरून एस्क नदीच्या खोऱ्यात, स्लाइट्स गावात उतरणारा हा उतार 20 टक्क्यांचा आहे, म्हणजे पाच मीटरला एक मीटर खाली. ब्रेक गेलेल्या वाहनांसाठी तिथे एस्केप लेन ठेवलेली आहे, यावरून काय ते समजा. नियम आपल्या घाटाचाच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा गिअर, आणि तोही उतार सुरू व्हायच्या आधी. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल, हायब्रिडला बी. ब्रेकवर पाय ठेवून घसरत आलात तर पॅड तापतात, ब्रेक ऑइलला उकळी येते, पेडल मऊ पडतं. जळका वास आला तर सपाट जागी थांबून अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होते.

व्हिटबीबद्दल मी फार बोलणार नाही, त्यावर शेकडो व्हिडिओ आहेत. मठाचे अवशेष, 199 पायऱ्या, मासे आणि चिप्स. चिप्स उघड्यावर खाल तर समुद्रपक्षी हातातून नेतात. उन्हाळ्यात गाडी गावात घालू नका, ए-171 वर पार्क अँड राइड आहे, म्हणजे गाडी तिथे लावून बसने गावात जायची सोय, तिथे लावा. दोन वाजता तिथून निघालाच पाहिजे, कारण दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग अजून बाकी आहे.

निघण्याआधी समुद्राकडे बघा. पूर्वेचा वारा असेल तर उन्हाळ्यातही समुद्रावरून धुकं येतं, इथले लोक त्याला 'फ्रेट' म्हणतात. उबदार हवा थंड नॉर्थ सीवरून सरकते, त्याने होतं. किनारा पांढरा आणि दहा मैल आत लख्ख ऊन, असं होतं, तेव्हा बेत मोडू नका. पण माळावरच सापडलात तर दिसणं 100 मीटरच्या खाली गेल्यावर मागचा फॉग लॅम्प लावा, आणि धुक्यातून बाहेर आल्यावर आठवणीने बंद करा. मागच्याच्या डोळ्यांत तो टोचतो.

ए-171 ने पश्चिमेला, मग डावीकडे डॅन्बी-कॅसलटनकडे. कॅसलटनहून दक्षिणेला चढणारा रस्ता म्हणजे आजचा कळस. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये तुम्ही, आणि चारी बाजूंना हेदर. गाडी लावायला रुंद जागा बघा, रस्त्याच्या कडेच्या पीटवर चाक घालू नका, वरून कोरडं दिसतं आणि आत रुततं. इंजिन बंद करा, खाली उतरा, एक फांदी जवळून बघा. फूल तांदळाच्या दाण्याएवढं, एका काडीवर दाटीवाटीने कितीतरी, आणि सगळीकडून मधमाश्यांचा आवाज. मधपाळ ऑगस्टमध्ये मुद्दाम पेट्या इथे आणून ठेवतात. हेदरचा मध जेलीसारखा घट्ट असतो, पोळ्यातून नुसता फिरवून निघत नाही, दाबून काढावा लागतो. गावातल्या दुकानात मिळाला तर घ्या.

माळ सलग जांभळा का नाही, मधे मधे काळे-तपकिरी चौकोन का, हाही नेहमीचा प्रश्न. ग्राउस नावाच्या पक्ष्यासाठी हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळतात. जुनं झुडूप आडोशाला, कोवळा फुटवा खायला. त्या पक्ष्याची शिकार 12 ऑगस्टपासून सुरू होते, तेव्हा बंदुकांचे आवाज आले तर दचकू नका, पायवाट सोडू नका. आणि तुम्ही मात्र इथे आग पेटवायची नाही. डिस्पोजेबल बार्बेक्यू नाही, सिगरेटचं थोटूक नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये याच भागात लँगडेल मूरला आग लागली, ती विझायला आठवडे लागले. पीट आतून धुमसतं, वर पाणी मारून विझत नाही.

चढ संपला की यंग राल्फ हा दगडी क्रूस दिसतो, हेच या राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह. पुढे ब्लेकी रिज ही डोंगरधार, डावीकडे रोझडेलची दरी, उजवीकडे फार्नडेलची, आणि साधारण 400 मीटर उंचीवर लायन इन, सोळाव्या शतकातली खानावळ. चहा-कॉफीसाठी इथे थांबा. ऑगस्टमध्येही इथे वारा गार असतो, बाइकवर आतून एक थर जास्त ठेवा, आणि कडेचा वारा बाइकला ढकलतो, तेव्हा हँडल घट्ट आवळू नका.

इथे वेगमर्यादेची पाटी पांढरी, तिच्यावर काळी तिरपी रेघ. म्हणजे ताशी साठ मैल. आता परत मेंढ्या, यावेळी आकड्यांत. साठ मैलांना गाडी थांबायला 73 मीटर लागतात. चाळीसला 36. पावसात दुप्पट. कोकरू हेदरमधून बाहेर पडतं ते तुमच्यापासून वीस-तीस मीटरवर. साठला तुम्ही जेमतेम ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत 18 मीटर गेलेले असतात. साठची परवानगी आहे म्हणून साठने जायचं नाही. कुंपण नसेल तर चाळीस, मेंढ्या कडेला असतील तर वीस. मागे कुणी चिकटला तर जागा बघून डावीकडे घ्या, त्याला जाऊ द्या. संध्याकाळी तर मेंढ्या डांबरावरच बसतात, कारण ते तापलेलं असतं, आणि करड्या रस्त्यावर करडी मेंढी दिसत नाही.

आणि तरीही धडक बसलीच तर? तिथून निघून जायचं नाही, तो गुन्हा आहे. मेंढी, गाय, घोडा, डुक्कर, बकरी, कुत्रा, या सगळ्यांना हा कायदा लागू आहे. थांबा, हॅझर्ड लावा. मालक तिथे असेल तर नाव, पत्ता, गाडीचा नंबर द्या. नसेल तर शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांत पोलिसांना कळवा. 101 वर, आणि जनावर रस्त्यात पडून इतरांना धोका असेल तर 999 वर. मेंढीच्या लोकरीवर रंगाचा पट्टा असतो, ती मालकाची खूण. रंग आणि तो कुठे आहे ते सांगा, कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढा. जखमी जनावर उचलून गाडीत घालू नका. त्या शेतकऱ्याच्या मेंढ्यांना ठरावीक माळ पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतो, आई कोकराला शिकवते. बाजारातून दुसरी आणून सोडली तर ती तिथे टिकत नाही. म्हणून एक मेंढी गेली की त्याचं नुकसान किमतीपेक्षा मोठं असतं.

ब्लेकीवरून खाली हटन-ल-होल. ओढा, हिरवळ, आणि अर्थातच मेंढ्या. तिथून ए-170 गाठा, डावीकडे वळा, पिकरिंग. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा सहा वाजता ब्लेकीवर असाल तर उजवीकडून तिरपं ऊन पडून रोझडेलची बाजू उजळलेली असते.

शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त वेळा आलेला: रोझडेल चिमणी बँक करायची का? तो चढ 33 टक्क्यांचा आहे, तीन मीटरला एक मीटर, आणि वर वळणं. ज्या लोखंडाच्या खाणींच्या चिमणीवरून नाव पडलं ती चिमणी 1972 मध्ये पाडली, चढ राहिला. पहिल्यांदा येत असाल, मागे कुणी बसलेलं असेल, किंवा 125 सीसीची बाइक असेल तर सोडून द्या. करायचाच असेल तर रोझडेल ॲबी गावातून वर चढा, खाली उतरू नका. पहिला गिअर पायथ्यालाच टाका, मधे बदलायला गेलात तर गाडी बंद पडते आणि मागे सरकते. पुढची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि वर पोचल्यावर लगेच माळ सुरू होतो, तिथेही कुंपण नाही.